व्यवसायाच्या रकान्यात ‘विडी’ लिहा

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता कुंभारी येते. गेल्या वीस वर्षांत या गावाचे नाव दोनदा देशभर गाजले. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायकांना घरे मिळाली, आणि ती द्यायला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले. १९ जानेवारी २०२४ रोजी नरेंद्र मोदी यांनी इथल्याच रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण केले. रे नगरचा सगळा प्रकल्प तीस हजार घरांचा आहे. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणारे, कचरा वेचणाऱ्या, हातगाडीवाले, ड्रायव्हर असे सगळे त्यात आहेत. दिल्लीतली सरकारे बदलली, पण दोन्ही वेळा ही मागणी लावून धरणारे तेच होते, माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या मागे लाल बावटा घेऊन उभ्या राहिलेल्या हजारो बायका. या लढ्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते हा आदर मनात ठेवूनच.

कुंभारीवर लिहिणारे घरांची संख्या सांगतात. त्या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत काय चालते ते क्वचितच कोणी लिहिते.

मी त्यातल्याच एका घरातली. आमचे पद्मशाली घराणे तेलंगणातून आले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. लहानपण सोलापुरातल्या साखर पेठेत, भाड्याच्या खोलीत गेले. अम्मा विड्या वळायची, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. पुढे अम्माला कुंभारीत घर मिळाले, तिच्या स्वतःच्या नावावर. तोवर मी समाजशास्त्रात एम.ए. करून संशोधनाच्या कामाला लागले होते. सुरुवात आरोग्यापासून झाली आणि नंतर हवा, पाणी, कचरा, ऊन या विषयांत शिरले. एका मुलाखतीत समोरच्यांनी विचारले होते, “तुमचे क्षेत्र नेमके कोणते? आरोग्य की पर्यावरण?” अशा प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर अपेक्षित असते. माझे उत्तर लांबलचक होते. ते इथे सविस्तर देते.

विडीचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून मिळते. पाने रात्री भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी घरातली कामे उरकली की ती मापाने कातरायची. मग मांडीवर सूप घेऊन बसायचे, पानात तंबाखू भरायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे, तोंडे मुडपायची. पंचवीस-पंचवीसची बंडले करून कारखान्यात नेऊन द्यायची. तिथे त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला निघतात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. मजुरी हजारावर मिळते. ज्या बाईचा हात चांगला चालतो तिचे दिवसात हजार होतात, पण त्यासाठी स्वयंपाकाच्या आधी, नंतर आणि मध्ये मिळेल त्या वेळेत बसावे लागते. पाठ वाकलेली, मान खाली, गुडघे दुमडलेले.

आता यात पंखा आणा. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. विडी वळणारी बाई तेव्हाही पंखा लावत नाही. पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते आणि पान सुकते. सुकलेले पान वळताना फाटते, फाटलेल्या पानाची विडी कारखान्यात बाद होते. वारा सुटला तर खिडकीही लोटून घ्यावी लागते. म्हणजे विडीला जी खोली मानवते तीच बाईला सगळ्यांत घातक असते. त्या कोंदट, तापलेल्या खोलीत तंबाखूची बारीक धूळ तरंगत राहते. तिथेच गॅसची शेगडी असते, झोळीत बाळ असते, मुलगी अभ्यासाला बसलेली असते. रात्री कामावरून आलेला नवरा कपड्यांवर आणि केसांत कापसाचे तंतू घेऊन येतो. पानाची कातरण वाया घालवायची नाही म्हणून आमच्या घरी ती पाणी तापवायला जाळत. त्याचा धूरही त्याच घरात. पाने भिजवलेले तांबूस पाणी दारासमोरच्या गटारात जाते. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या आड येते, त्यामुळे पाने भिजवायला किती आणि हात धुवायला किती, याचा हिशोब बाईला रोज करावा लागतो. तंबाखूचे हात नुसते पाण्यात बुडवून पीठ मळायला घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना स्वच्छता कळत नव्हती असे नाही, त्या दिवशी पाणीच नव्हते.

या एका खोलीतला आजार कुठला आणि प्रदूषण कुठले, हे वेगळे करून दाखवता येईल का? मला आजवर आलेले नाही.

माझ्या पहिल्या आरोग्य सर्वेक्षणात बायकांचे जुने केसपेपर पाहायचे होते. पिशवीत जपून ठेवलेले, घड्या पडलेले ते कागद. खोकला, दम, कंबरदुखी, चक्कर, डोळ्यांची आग, रक्त कमी. वेगवेगळ्या दवाखान्यांचे कागद होते. पण व्यवसायाच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच शब्द लिहिलेला: ‘गृहिणी’. काही ठिकाणी तो रकानाच मोकळा. पंचवीस-तीस वर्षे रोज तंबाखू हाताळणारी बाई खोकला घेऊन दवाखान्यात जाते आणि कागदावर ती गृहिणी होते. तिच्या खोकल्याचे कारण शोधायचा रस्ता तिथेच बंद होतो. हजार बायकांचे असे केसपेपर एकत्र केले तरी त्यांतून विडीचा पत्ता लागणार नाही. पुढे जिल्ह्याचा आरोग्य अहवाल होतो, त्यावरून योजना ठरतात, निधी ठरतो. त्या सगळ्यात कुंभारीतल्या बायकांचा आजार नोंदला जातो, पण त्यामागचे काम दिसत नाही.

याला मी डॉक्टरांचा दुष्टपणा मानत नाही. गर्दीच्या ओपीडीत कागद भरणारा माणूस साडी बघून ‘गृहिणी’ लिहून मोकळा होतो. बाईही दुरुस्त करत नाही, कारण घरी बसून केलेले काम हे ‘काम’ म्हणून सांगायची तिला सवय नाही. पण वैद्यकशास्त्राला हे तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. १७०० साली इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितले की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घाला, तू काय काम करतोस? त्याच ग्रंथात तंबाखूचे काम करणाऱ्यांच्या आजारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कुंभारीच्या हद्दीतच आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. रामाझिनीचा प्रश्न तिथल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून नक्की शिकवला जात असेल. तो दाराबाहेरच्या वसाहतीतल्या बाईला विचारला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तंबाखू न खाणाऱ्या बाईच्या शरीरातही तंबाखू जाते का? याचे उत्तर प्रयोगशाळेने फार पूर्वी दिले. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत विडी उद्योगातल्या कामगारांचे रक्त आणि लघवी तपासली. तंबाखू हाताळणाऱ्यांच्या शरीरात निकोटिनचे अंश उतरतात, इतकेच नव्हे तर पेशींमधल्या गुणसूत्रांतही बिघाड दिसतो, असे त्यांच्या कामातून पुढे आले. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असायला हवे होते. विडीच्या दुष्परिणामांवर आपण ओढणाऱ्याच्या बाजूने पुष्कळ वाचतो. वळणाऱ्या बाईच्या बाजूने हे काम मुंबईतच झाले आणि ते सोलापूरच्या घरांपर्यंत पोचलेच नाही.

प्रयोगशाळा शरीरात काय गेले ते सांगते. ते का गेले, ते टाळणे तिच्या हातात होते का, हे सांगायला दुसरी विद्या लागते. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या मीना गोपाल यांनी तमिळनाडूतल्या विडी कामगार बायकांचा अभ्यास केला, त्यावरचा त्यांचा लेख १९९९ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. बाई कमावते म्हणून तिचे घरातले वजन वाढते, हा सरळ हिशोब विडीच्या कामात कसा जुळत नाही, हे त्यांनी मांडले. तो लेख वाचताना मला अम्माचा दिवस कोणीतरी पहिल्यांदा नीट समजून घेतल्यासारखे वाटले. कंबरदुखीचे कारण नुसत्या बसण्यात नाही. हजार पूर्ण करायच्या सक्तीत आहे, बाद होणाऱ्या विड्यांच्या भीतीत आहे, मध्येच उठून पाणी भरण्यात आणि जेवण वाढण्यात आहे. हे एक्स-रेत दिसत नाही. त्यासाठी शेजारी बसून दिवस पाहावा लागतो.

महाराष्ट्रात अशा कामाची परंपरा आहे, आणि ती आपण विसरत चाललो आहोत याचे मला वाईट वाटते. खुद्द सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी धनंजयराव गाडगीळांनी केली, तिचे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतर्फे रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात घरोघरी जाऊन विचारले की आजारपणावर तुम्ही किती आणि कुठे खर्च करता. १९८९ साली त्याचा अहवाल आला. तोवर आरोग्यावरचा खर्च म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातला आकडा असे धरून बोलणे चाले. लोक आपल्या खिशातून खासगी डॉक्टरला किती देतात ते या पाहणीने पुढे आणले. प्रश्न दवाखान्यात न विचारता घरात विचारला, म्हणून उत्तर वेगळे आले.

माझ्याबाबतीत आरोग्याकडून पर्यावरणाकडे वळण्याचे कारण हेच. केसपेपरवर न सापडलेले उत्तर मी खोलीच्या हवेत शोधू लागले. आणि तिथे कळले की या हवेला सरकारदरबारी कोणी वालीच नाही.

रे नगरची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ ला सोलापुरात झाली. दुसऱ्याच दिवशी, १० जानेवारीला, दिल्लीत केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवा मानकांपेक्षा वाईट असलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत सोलापूर आहे. रस्त्यावरची धूळ, वाहने, कचरा जाळणे, बांधकामे यांच्यासाठी त्यात उपाय आहेत. पीएम २.५ या अतिसूक्ष्म धूलिकणांचे आपल्याकडचे प्रमाण २००९ च्या मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. पण हे मानक खुल्या हवेचे. घराच्या आतल्या हवेला कायद्याने बांधणारे मानकच आपल्याकडे नाही. चौकात हवा मोजायचे यंत्र बसते. त्या चौकापासून जवळच्या खोलीत दहा तास तंबाखूची धूळ श्वासात घेणाऱ्या बाईची हवा कोणत्याच यंत्रात येत नाही.

मग कामगार कायद्याकडे वळावे, तर तिथे आणखी कठीण. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला त्याने कामगार मानले, ही मोठी गोष्ट होती. त्याच जोरावर ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी हे पुढे मिळाले. पण स्वच्छता, हवा खेळती ठेवणे, गर्दी होऊ न देणे ही कलमे लागू होती ती ‘औद्योगिक जागे’ला. आणि औद्योगिक जागेच्या व्याख्येत स्पष्ट लिहिले होते, राहते खासगी घर सोडून. म्हणजे बाई कामगार, तिने वळलेली विडी उत्पादन, पण ती जिथे बसते ती जागा कामाची जागा नाही. आता हा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. खोलीतली धूळ मात्र आजही कुठल्याच निरीक्षकाच्या कक्षेत येत नाही. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार कारखाना कायद्याच्या यादीत नोंदवण्याजोगा आजार होता, म्हणून माझ्या वडिलांच्या खोकल्याला निदान कागदावर एक नाव होते. अम्माच्या खोकल्याला तेही नव्हते.

पर्यावरण न्याय हा शब्द मोठा वाटतो. त्याचा उगमही अशाच साध्या मोजणीत आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन शहरातल्या कचरा डेपोंच्या जागा शोधल्या. बुलार्ड यांची पत्नी वकील होती. एका वस्तीलगत डेपो होऊ घातला होता, त्याविरुद्धच्या खटल्यात तिला पुरावा हवा होता. शहराच्या मालकीचे पाचच्या पाच डेपो कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत निघाले, आणि शहरात त्यांची लोकसंख्या होती सुमारे चौथाई. खटला हरला, पण ती मोजणी जगभर पोचली. घाण कोणाच्या दारात जाते हा योगायोग नसतो, हे त्यानंतर नाकारता येईना.

आपल्याकडे याला तोडीस तोड काम पुण्यात झाले. एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये गेल्या. बाबा आढावांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायका शहराचा किती कचरा उचलतात, महापालिकेचा किती खर्च वाचवतात, त्याची किंमत त्यांचे शरीर कशी मोजते, याचा अभ्यास त्यांनी मेधा देशपांडे यांच्यासह केला; २००१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी लिहिला गेला. आकडे हातात आल्यावर बोलणे बदलले. पुणे महापालिकेने या बायकांना वैद्यकीय विम्याचे संरक्षण दिले, आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ संस्थेला घरोघरचा कचरा गोळा करायचे काम. त्यांच्या या प्रवासाला आरोग्याचा अभ्यास म्हणायचे की पर्यावरणाचा की कामगार चळवळीचा? तिन्ही आहे. म्हणूनच त्यातून काही निष्पन्न झाले.

कुंभारीत मात्र एक अडचण आहे जी कचऱ्याच्या कामात नव्हती. कचरा वेचणे समाजाला हवे आहे. विडी नको आहे, आणि नको असणे योग्यच आहे. विडी ओढणाऱ्याचे आयुष्य कमी होते याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तंबाखूच्या पाकिटांवर ८५ टक्के भागात इशारा छापायचा नियम एप्रिल २०१६ पासून लागू झाला, त्याचे मी स्वागतच केले. पण वसाहतीत प्रश्नावली घेऊन गेले की शेजारची बाई हळूच म्हणते, “अक्का, जास्त लिहू नका हो. उद्या कारखाना बंद केला तर आम्ही काय खायचं?” ही भीती खोटी नाही. उद्योगावर एखादा नियम आला की सर्वांत आधी काम थांबते ते या बायकांचे. त्यांच्या आजाराचा पुरावा त्यांच्याच पोटावर येईल असे त्यांना वाटत असेल, तर त्या आजार लपवणार. लपवतातही.

म्हणून मी ठाम भूमिका घेते. विडी कामगार बाईच्या आजाराचा पुरावा तिची रोजी काढून घेण्यासाठी वापरता कामा नये. तो तिला पर्याय आणि उपचार मिळवून देण्यासाठीच वापरला पाहिजे. हे माझ्या मनाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये मोहोर उमटवली. त्याच्या सतराव्या कलमात तंबाखू कामगारांना पोट भरेल असा पर्यायी रोजगार देण्याचे, आणि अठराव्यात तंबाखूची लागवड व उत्पादन यांत पर्यावरण आणि माणसांचे आरोग्य जपण्याचे वचन आहे. पर्यावरण आणि आरोग्य एकाच कलमात, शेजारी शेजारी. इशाऱ्याचे चित्र आपण मोठे केले. पर्यायाच्या कलमाकडे तेवढ्या तळमळीने पाहिले नाही. उलट १९७६ पासून विड्यांवर एक छोटा उपकर होता, त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांची मदत चालत असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. कल्याणाच्या कामाला हक्काचा झरा होता, तो बुजला. आयुष्यभर वळून थकलेल्या बाईला निवृत्तिवेतनाच्या योजनेत किमान किती मिळते? महिन्याला १००० रुपये, तेही २०१४ पासून.

पर्याय नाहीतच असे नाही. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांचा धंदा वाढला आहे, टॉवेल आणि चादरीला नाव आहे. वसाहतीतल्या तरुण मुली शिवणावर गेल्या आहेत, काही नर्सिंगला. पण पन्नाशीतल्या बाईला आता मशीनवर बसवणे सोपे नाही, तिचे डोळे आणि कंबर विडीने आधीच घेतली आहे. तिच्यासाठी पर्याय म्हणजे वेळेवर तपासणी आणि पोटापुरते निवृत्तिवेतन. मुलीसाठी पर्याय म्हणजे वसाहतीच्या जवळ काम, कारण शहरात रोज जा-ये करण्यात मजुरीचा मोठा भाग जातो. आई आणि मुलगी यांना एकच योजना लावणे चुकीचे आहे, आणि पुनर्वसनाचे बोलणारे ही चूक नेहमी करतात.

संशोधन करणाऱ्यांनाही मला काही सांगायचे आहे, कारण दोष फक्त सरकारचा नाही. आमच्या व्यवसायात बढती निबंधांच्या संख्येवर मिळते, ते निबंध इंग्रजीत असतात आणि ज्यांच्यावर लिहिले त्यांना ते दिसतही नाहीत. कुंभारीत प्रश्नावल्या घेऊन पुष्कळजण येऊन गेले. बायका विचारतात, “मागच्या वेळी लिहून नेलं त्याचं काय झालं?” हा प्रश्न प्रत्येक प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत विचारला जावा असे मला वाटते. मी स्वतःपुरता नियम केला आहे: आकडे छापायच्या आधी वसाहतीतल्या बायकांना तेलुगूत आणि मराठीत वाचून दाखवायचे. त्या दुरुस्त्या सुचवतात. हवा केव्हा मोजायची, हे त्यांनीच मला शिकवले. तंबाखू मिसळताना आणि सूप झटकताना धूळ सगळ्यात जास्त उडते, दुपारी यंत्र ठेवून उपयोग नाही, असे एका आजींनी सांगितले तेव्हा आमचे सगळे वेळापत्रक बदलले. मोजणारी आणि मोजली जाणारी एकाच बाजूला बसल्याशिवाय खरे आकडे हाती लागत नाहीत.

सोलापूरला यासाठी बाहेरून काही आणायला नको. शहराच्या एका टोकाला, केगावला, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे, दुसऱ्या टोकाला कुंभारीत वैद्यकीय महाविद्यालय. मध्ये महापालिका आहे, जिच्याकडे स्वच्छ हवेचा कार्यक्रम आहे. या तिघांनी मिळून कुंभारीतल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांची एक कायमची आरोग्य नोंदवही सुरू करावी. नाव युनियनच्या सल्ल्याने गुप्त ठेवावे, काम मात्र उघड लिहावे. काही घरांत वर्षभर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, धूळ आणि उष्णता मोजावी. वर छत तापते, आत पंखा बंद, अशा वरच्या मजल्यांवरच्या घरांत आधी मोजावी. पुढचे मजले बांधताना खिडक्या आणि झरोके कुठे हवेत हे ठरवायला त्या मोजणीचा उपयोग होईल: धूळ बाहेर जावी आणि पान सुकू नये अशी रचना स्थापत्यशास्त्राला अशक्य नाही. वसाहतीत विडीसाठी सामाईक, हवेशीर शेड बांधता येतील. तंबाखू राहत्या खोलीबाहेर जाईल आणि बाळाची झोळी त्यापासून दूर होईल. बायका तिथे येतील का, हा प्रश्न त्यांनाच विचारावा. घरकामामुळे दुपारी येता येणार नाही असे त्या म्हणाल्या, तर त्याचाही विचार रचनेत व्हावा.

गोदूताई परुळेकर वकिलीचे शिक्षण घेतलेल्या शहरी बाई. वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन राहिल्या, त्यांच्याशी बोलल्या, आणि त्यानंतर त्यांची मांडणी उभी राहिली. त्यांच्या नावाच्या वसाहतीत अभ्यासाला जाणाऱ्याने निदान तेवढे तरी करावे.

नोंदवही, शेड, निवृत्तिवेतन यांना निधी लागेल, आदेश लागतील, वर्षे जातील, हे मला कळते. त्यासाठी भांडत राहू. पण एका गोष्टीला काहीच लागत नाही. सोलापूरच्या पूर्वभागात, कुंभारीत आणि विडी कामगार राहतात त्या प्रत्येक वस्तीत ज्यांचा दवाखाना आहे, त्या डॉक्टरांना आणि केसपेपर लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. समोर बाई आली की तिला विचारा: दिवसभर काय करता, किती वर्षे करता, घरातच करता का, आणि ती सांगेल ते व्यवसायाच्या रकान्यात लिहा. आणि तुमच्या घरात कोणी विडी वळत असेल, तर दवाखान्यात जाताना आईला, वहिनीला सांगून ठेवा, विचारले नाही तरी स्वतःहून सांगा, “मी विडी कामगार आहे.”